मानसशास्त्राची पदवी झाली, पुढे काय? एक दार उघडले, एक बंद झाले

जुलै २०२५ मध्ये मानसशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींच्या भवितव्यावर थेट परिणाम करणारे दोन निर्णय झाले. पहिला सर्वोच्च न्यायालयाचा. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलैला निकाल दिला आणि देशभरातील शाळा, कॉलेजे, वसतिगृहे आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमलाच पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

दुसरा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अनेक विषयांत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असे आयोगाने विद्यापीठांना कळवले.

थोडक्यात, एका हाताने सांगितले की प्रत्येक शाळेत समुपदेशक हवा, आणि दुसऱ्या हाताने तो तयार होण्याची सर्वांत स्वस्त वाट बंद केली. दोन्ही निर्णयांमागे आपापली कारणे आहेत, पण त्यांचा एकत्रित फटका कोणाला बसणार आणि फायदा कोण घेणार, हे आपल्या समाजाने नीट समजून घ्यायला हवे. कारण मानसशास्त्र हा विषय आपल्या मुली आवडीने घेतात, बी.ए. होतात आणि मग घरात प्रश्न येतो, "अब आगे क्या?"

पदवी म्हणजे परवाना नव्हे

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करू. बी.ए. किंवा एम.ए. मानसशास्त्र झाले म्हणजे मुलगी "सायकॉलॉजिस्ट" झाली, असे अनेक पालकांना वाटते. डॉक्टरकीची पदवी घेतली की डॉक्टर, एलएल.बी. करून सनद घेतली की वकील, तसे हे असेल असा समज असतो. भारतातला कायदा मात्र तसे मानत नाही.

मनाच्या आजारांवर काम करणाऱ्यांचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. तो एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एम.डी. केलेला डॉक्टर असतो आणि औषधे लिहून देतो. मानसशास्त्राच्या पदवीवरून तिथे पोचता येत नाही.

दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तो औषधे देत नाही, पण आजाराची मानसशास्त्रीय तपासणी करतो, बुद्ध्यांकाच्या आणि इतर चाचण्या घेतो, थेरपी देतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याची व्याख्या करून ठेवली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला क्लिनिकल अभ्यासक्रम आणि देखरेखीखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण या दोन गोष्टींशिवाय कुणालाही हे नाव लावता येत नाही. १९९२ च्या आरसीआय कायद्यानुसार परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव नसताना असा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तिसरा गट समुपदेशकांचा, ज्यांना आपण काउन्सिलर म्हणतो. शाळा, कॉलेज, रुग्णालय, न्यायालय, स्वयंसेवी संस्था अशा ठिकाणी ते काम करतात. अडचण ही की आजवर त्यांच्यासाठी वकिलांच्या सनदेसारखी एकच ठरलेली नोंदणी नव्हती. त्यामुळे दोन वर्षे एम.ए. करून रीतसर इंटर्नशिप केलेली मुलगीही काउन्सिलर आणि दोन रविवारची कार्यशाळा करून प्रमाणपत्र मिळवलेला माणूसही काउन्सिलर. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आरसीआयकडे असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ या कायद्याखाली येतात. राज्य पातळीवर परिषदा आणि नोंदणी ही त्यातली व्यवस्था आहे. याचा अर्थ, येत्या काळात "कुठूनही केलेले एम.ए." चालणार नाही. कोणत्या अभ्यासक्रमातून, किती तासांच्या प्रत्यक्ष सरावासह पदवी घेतली, हे विचारले जाणार आहे.

शिडीच बदलली

आतापर्यंत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याचा रुळलेला मार्ग असा होता: बी.ए., मग एम.ए. आणि त्यानंतर आरसीआय मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. बंगळुरूची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनोविकार संस्था ही यातली देशभर नावाजलेली ठिकाणे. जागा फारच कमी, प्रवेश परीक्षा कठीण, आणि खासगी संस्थेत गेल्यास फी लाखांच्या घरात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच रद्द केली आणि २०२२ मध्ये यूजीसीने तसे नियम केले. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती सवलत देऊन २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांना मुदत दिली गेली. त्याच काळात आरसीआयने नवी रचना आणली. त्यात चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स क्लिनिकल सायकॉलॉजी आणि दोन वर्षांचे एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आले. सर्वांत वर डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी, म्हणजे साय.डी. आहे.

या बदलाचा आपल्या घरांसाठी अर्थ काय? पूर्वी मुलगी साधे बी.ए., मग साधे एम.ए. करायची आणि बावीस-तेविसाव्या वर्षी ठरवायची की क्लिनिकलकडे जायचे की नाही. आता हा विचार बारावीनंतरच सुरू करावा लागेल. बारावीला असलेल्या मुलीला "आधी कुठल्याही कॉलेजात बी.ए. कर, मग बघू" हा सल्ला देणे आता महागात पडू शकते. निदान तिला कुठे पोचायचे आहे हे विचारून मग कॉलेज निवडा.

दूरस्थ शिक्षण बंद झाल्याचा खरा फटका

आता यूजीसीच्या निर्णयाकडे येऊ. निर्णयामागचा युक्तिवाद अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. समोर बसलेल्या माणसाचे ऐकणे, रडणाऱ्या माणसासमोर स्वतः शांत राहणे, चाचणी योग्य प्रकारे घेणे, आत्महत्येचा धोका ओळखणे, ही कामे पोस्टाने आलेल्या पुस्तकांतून शिकता येत नाहीत. अर्धवट शिकलेला काउन्सिलर नुकसान करू शकतो.

पण या निर्णयाची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागणार नाही. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या, रोज कॉलेजला जाऊ शकणाऱ्या मुलीला फरक पडत नाही. फरक पडतो तो मालेगाव, भिवंडी, परभणी, म्हसळा, औसा इथल्या मुलीला. आपल्याकडे अनेकदा असे होते की मुलीचे बी.ए. होते, निकाह होतो, आणि मूल बालवाडीत जायला लागले की पुन्हा शिकण्याची इच्छा जागी होते. सासरचे म्हणतात, "घर बैठे पढ़ना है तो पढ़ो." अशा स्त्रियांसाठी इग्नूचे एम.ए. मानसशास्त्र हा मोठा आधार होता. फी परवडणारी, हजेरीची सक्ती कमी, परीक्षा केंद्र जिल्ह्यात. तो आधार नव्या विद्यार्थिनींसाठी गेला.

हे अशा वेळी घडले आहे जेव्हा उच्च शिक्षणात आपले प्रमाण आधीच कमी आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. कोविडच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, हा आकडा सुमारे १९.२ लाखांवर घसरला. २०२१-२२ मध्ये तो पुन्हा २१ लाखांवर आला. एकूण विद्यार्थ्यांमधला आपला वाटा मात्र पाच टक्क्यांच्याही खाली आहे आणि लोकसंख्येतला वाटा २०११ च्या जनगणनेनुसार १४.२ टक्के. दिलासा एवढाच की या विद्यार्थ्यांमध्ये सुमारे निम्म्या मुली आहेत. म्हणजे मुली शिकायला तयार आहेत, प्रश्न त्यांच्यापर्यंत कॉलेज पोचण्याचा आहे.

यावर उपाय दोनच. एक, तालुका आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या आपल्या संस्थांनी मानसशास्त्राचे नियमित पदव्युत्तर वर्ग सुरू करण्यासाठी विद्यापीठांकडे अर्ज करणे. दोन, ज्यांना रोजचे कॉलेज शक्य नाही त्यांनी मानसशास्त्राचा हट्ट न धरता जवळचे दुसरे मार्ग पाहणे. ते मार्ग आहेत, आणि काही तर जास्त चांगले आहेत.

काम नेमके कुठे आहे?

शाळा आणि कॉलेज. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सर्वांत मोठी मागणी इथे निर्माण व्हायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि एकूण आत्महत्यांत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. न्यायालयाने हे आकडे निकालात गंभीरपणे घेतले. मात्र एक धोका आहे. "पात्र" कोणाला म्हणायचे याबद्दल ढिलाई झाली, तर बऱ्याच संस्था इतिहासाच्या किंवा पी.टी.च्या शिक्षकाला दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन "समुपदेशन कक्ष" अशी पाटी लावून मोकळ्या होतील. न्यायालयाने बाल आणि किशोर मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असल्याचे दिसायला हवे, असेही म्हटले आहे. नोकरी शोधणाऱ्या मुलीने एम.ए.बरोबर हे प्रशिक्षण कागदावर दाखवता येईल अशी इंटर्नशिप केलेली असावी.

विशेष शिक्षण. हा मार्ग आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण घालून दिले. प्राथमिक वर्गांत दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक शिक्षक. २०२५ मध्ये राज्यांनी ही पदे मंजूर करावीत, असा आदेशही दिला. कोणतीही पदवी झालेली मुलगी विशेष बी.एड. करू शकते. ते आरसीआयच्या नोंदणीचे असते, त्यामुळे कायद्याने मान्य असा परवाना हातात येतो. मुंबईत वांद्रे इथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था असे अभ्यासक्रम चालवते. मानसशास्त्रात बी.ए. झालेल्या मुलीसाठी हे शिक्षण सोपे जाते, कारण बालविकास आणि चाचण्या तिने आधीच शिकलेल्या असतात.

सरकारी आरोग्य सेवा. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे पद असते. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेलि-मानस हेल्पलाइनवर प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात. एचआयव्ही चाचणी केंद्रे आणि किशोरवयीन मुलांची क्लिनिके इथेही समुपदेशक लागतात. यातल्या बऱ्याच जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून भरल्या जातात. अकरा महिन्यांचा करार, ठरावीक मानधन. पक्की नोकरी समजून जाऊ नये, पण अनुभवासाठी यासारखी जागा नाही. जिल्हा परिषदेच्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या वेबसाइटवर या जाहिराती येतात आणि आपल्या मोहल्ल्यात त्या कुणी वाचत नाही, ही खरी अडचण आहे.

न्यायालय, बालगृह आणि महिला केंद्रे. कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर प्राथमिक मूल्यमापन करताना बाल न्याय मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊ शकते. सखी वन स्टॉप सेंटरमध्येही समुपदेशक असतात. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. कौटुंबिक न्यायालय आणि महिलांसाठीच्या विशेष कक्षांमध्ये एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला प्राधान्य मिळते. तलाक, पोटगी, मुलांचा ताबा या कामांत रस असलेल्या मुलीने बी.ए. मानसशास्त्रानंतर एम.ए.ऐवजी एम.एस.डब्ल्यू. करणे जास्त शहाणपणाचे. अर्जाच्या वेळी जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचा.

कंपन्या. मानसशास्त्र म्हणजे फक्त आजार असे नाही. भरती, प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन, ग्राहक काय विचार करतो याचा अभ्यास, मोबाइल ॲप वापरताना लोक कुठे अडखळतात याचे संशोधन, अशा कामांना मानसशास्त्राचे पदवीधर घेतले जातात. औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. किंवा एच.आर.मध्ये एम.बी.ए. हा त्याचा मार्ग. यात आरसीआयच्या परवान्याची गरज नसते, आणि पदवीनंतर लवकर कमाई सुरू करायची असेल तर ही वाट जवळची. संख्याशास्त्र आणि एक्सेलला घाबरायचे नाही, एवढी अट.

अध्यापन आणि संशोधन. एम.ए.नंतर बी.एड. केल्यास कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता येते. वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट. नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतही मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे.

आखाती देश. कोकणातल्या अनेक घरांचा एक पाय तिकडे असतो, म्हणून हेही सांगायला हवे. दुबईत आरोग्य प्राधिकरणाचे लायसन्स असल्याशिवाय सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. इथली पदवी मान्यताप्राप्त आणि अनुभव कागदोपत्री असेल तरच तिथला अर्ज पुढे सरकतो. "आधी जाऊन बघू" हा हिशोब या क्षेत्रात चालत नाही.

आपल्या समाजाला आपले समुपदेशक का हवेत?

करिअर म्हणजे फक्त पगार नसतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १२ राज्यांतील लोकांचा अभ्यास झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण निष्कर्ष आपल्यालाही लागू पडावेत असे आहेत. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते.

उपचार न मिळण्याचे एक कारण पैसा आणि अंतर. दुसरे कारण भाषा. आपल्या घरातली बाई "मला डिप्रेशन आहे" असे म्हणत नाही. ती म्हणते, "जी घबराता है", "किसी काम में दिल नहीं लगता", "सीने पे बोझ रखा है". घरचे म्हणतात, "किसी ने कुछ कर दिया." मग आधी आमिलकडे नेले जाते, तावीज होतो, पाणी दम करून होते, आणि दवाखाना शेवटी येतो. तोवर आजार जुना झालेला असतो. समोरच्या समुपदेशकाला ही भाषा कळत नसेल, सासर-माहेरच्या नात्यांची गुंतागुंत माहीत नसेल, बुरख्यातली बाई समोर बसली की तो आधीच काही ठरवून टाकत असेल, तर ती बाई दुसऱ्यांदा येणार नाही.

दुर्लक्षाची किंमत किती मोठी असते हे देशाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतील एरवाडी इथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहात आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून गेले. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

याउलट एक चांगले उदाहरणही आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यावर "दवा और दुआ" नावाचा उपक्रम गेली अनेक वर्षे चालतो. दर्ग्याच्या मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले. रुग्ण आला की ते दुआ करतात आणि त्याच आवारातल्या मानसोपचाराच्या ओपीडीकडे पाठवतात. कुणाच्या श्रद्धेला धक्का न लावता रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचतो. असे पूल बांधायला दोन्ही बाजू कळणारी माणसे लागतात. उर्दू, दखनी आणि मराठी बोलणारी, मोहल्ला जाणणारी आणि शास्त्र शिकलेली मुलगी हे काम जितके चांगले करेल तितके बाहेरून आलेला तज्ज्ञ करू शकणार नाही.

पैशाचे काय?

इथे वस्तुस्थिती कडू आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना एम.फिल. आणि पीएच.डी.साठी २००९ पासून मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. त्यामुळे संशोधनाकडे जाणाऱ्या मुलांना आता सर्वसाधारण नेट-जेआरएफच्या स्पर्धेत उतरावे लागते. ज्या मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत त्यांच्या मुलांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावे. नेटमध्ये आणि प्रवेशात त्याचा उपयोग होतो. दरवर्षी कितीतरी मुलांची संधी केवळ कागद वेळेवर नसल्याने जाते. शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

आणि एक इशारा. मागणी वाढली की दुकाने उघडतात. "सहा महिन्यांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बना", "घरबसल्या थेरपिस्ट" अशा जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. कोर्सची फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. आरसीआयची मान्यता आहे का, आणि असल्यास याच कोर्सला, याच वर्षासाठी आहे का? (संस्थेला मान्यता आहे म्हणजे प्रत्येक कोर्सला आहे असे नसते. परिषदेच्या वेबसाइटवर यादी पाहता येते.) प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तासांचे काम आहे आणि ते कोणाच्या देखरेखीखाली? शेवटचे, या कोर्सनंतर माझे नाव कोणत्या रजिस्टरमध्ये लागेल? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे खिशातच ठेवा.

आता जबाबदारी कोणाची?

मुलींना दोष देणे सोपे आहे की "मानसशास्त्र घेऊन काय मिळणार होते?" पण प्रश्न संस्थांनाही विचारायला हवा. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम असो, पुण्याचा आझम कॅम्पस असो किंवा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या उर्दू शाळा चालवणाऱ्या लहान सोसायट्या, शंभराहून जास्त विद्यार्थी बहुतेक ठिकाणी आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्या सगळ्यांना लागू आहे. लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घेण्याची मुभा आहे. एका शहरातल्या तीन-चार लहान शाळा मिळून एक पूर्णवेळ समुपदेशक ठेवू शकतात. उर्दू माध्यमाच्या मुलाला उर्दूत बोलणारा समुपदेशक मिळेल आणि आपल्याच पदवीधर मुलीला शहर न सोडता काम मिळेल.

पालकांनी एवढे करावे. बारावीला मुलगी मानसशास्त्र म्हणाली की तिच्यासोबत बसून ठरवा: तिला रुग्णांवर उपचार करायचे आहेत, मुलांना शिकवायचे आहे, न्यायालयात-समाजात काम करायचे आहे, की कंपनीत जायचे आहे. पहिल्यासाठी आरसीआयचा लांब मार्ग, दुसऱ्यासाठी विशेष बी.एड., तिसऱ्यासाठी एम.एस.डब्ल्यू., चौथ्यासाठी एच.आर. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत हे ठरले तर उरलेल्या वेळात इंटर्नशिप करता येते, कागद जमवता येतात. आणि निकाह ठरवताना पुढच्या शिक्षणाबद्दल सासरच्यांशी आधीच स्पष्ट बोलून घ्या. कारण "शादी के बाद घर बैठे कर लेगी" हा पर्याय या विषयापुरता तरी आता उरलेला नाही.

घरात कुणी खूप अस्वस्थ असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर वाट पाहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठी-हिंदीत बोलता येते. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा आणि मस्जिदच्या, शाळेच्या नोटीस बोर्डावरही लावा.